नोकरी सुटली, पालकत्व सुटत नाही
बेरोजगार पालक, अनेक अपत्ये आणि पोटगीचा कायदा

विवाहसंस्काराच्या वेळी धर्मगुरू वधूवरांना जे प्रश्न विचारतात, त्यांपैकी एक प्रश्न अपत्यांविषयी असतो. परमेश्वर देईल ती अपत्ये प्रेमाने स्वीकारण्यास आणि त्यांचे योग्य संगोपन करण्यास तुम्ही तयार आहात का, असा त्याचा आशय असतो. दोघेही होकार देतात. त्या होकाराला नोकरीची, पगाराची किंवा संसार सुरळीत चालण्याची अट जोडलेली नसते.

दुर्दैवाने काही संसार मोडतात. पतिपत्नी वेगळे राहू लागतात, मुले बहुधा आईकडे राहतात आणि मग दरमहाच्या खर्चाचा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी वडिलांकडून पुष्कळदा एक उत्तर ऐकू येते : "मला नोकरीच नाही. तीन-चार मुलांना मी कुठून देऊ?" हे उत्तर दर वेळी खोटे असते असे नव्हे. कारखाने बंद पडतात, कंत्राटे संपतात, आजारपणे येतात. परंतु या उत्तराने पालकाची जबाबदारी संपते का? संपत नसेल, तर ती किती उरते आणि कशी पार पाडायची? देशाचा कायदा आणि ख्रिस्तसभेची धर्मसंहिता याबाबत काय सांगतात, हे आपण समजून घेऊ या.

कायद्याची चौकट

पोटगीसाठी सर्वांत जवळचा आणि तुलनेने जलद मार्ग म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मधील कलम १४४. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. त्यापूर्वी हीच तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती आणि आजही अनेक जण तिला 'एकशे पंचवीस' याच नावाने ओळखतात. ही तरतूद सर्व धर्मीयांना सारखीच लागू आहे. गोव्यात कौटुंबिक बाबींसाठी वेगळी नागरी संहिता असली, तरी हे कलम तेथेही लागू आहे.

या कलमाचा गाभा साधा आहे. पुरेशी ऐपत असूनही जी व्यक्ती स्वतःचा निर्वाह करू न शकणारी पत्नी, अपत्ये अथवा आईवडील यांच्याकडे दुर्लक्ष करते, तिला दरमहा ठरावीक रक्कम देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. अपत्य विवाहसंबंधातून जन्मलेले असो वा विवाहबाह्य संबंधातून, त्याचा हक्क सारखाच आहे. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे वा दुखापतीमुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या मुलाचा हक्क तो सज्ञान झाल्यानंतरही टिकून राहतो.

ख्रिस्ती दांपत्यांसाठी दुसरा मार्ग १८६९ च्या घटस्फोट कायद्यात आहे. घटस्फोट, न्यायिक विभक्तता किंवा विवाह रद्द करण्याचा दावा चालू असताना, तसेच निकालाच्या वेळी, अज्ञान मुलांचा ताबा, निर्वाह व शिक्षण यांविषयी योग्य वाटतील ते आदेश न्यायालय देऊ शकते. याखेरीज कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यान्वये पीडित स्त्रीला स्वतःसाठी आणि मुलांसाठी आर्थिक साहाय्य मागता येते.

ख्रिस्ती पित्यावर मुलांच्या निर्वाहाचे बंधन आहे की नाही, असा वाद पूर्वी न्यायालयांत उपस्थित झाला होता, कारण हिंदू कायद्यात आहे तशी स्वतंत्र लेखी तरतूद ख्रिस्ती व्यक्तिगत कायद्यात नव्हती. केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००३ मध्ये मॅथ्यू वर्गीस विरुद्ध रोझम्मा वर्गीस या प्रकरणात हा संभ्रम दूर केला. आपल्या अज्ञान मुलांचा निर्वाह करण्याचे कर्तव्य ख्रिस्ती पित्यावरही आहे, असे त्या निर्णयाने स्पष्ट केले.

'नोकरी नाही' म्हणजे 'ऐपत नाही' का?

कायद्याने वापरलेला शब्द 'ऐपत' आहे, 'पगार' नव्हे. या दोन शब्दांतील अंतर ध्यानात घेतले की पुष्कळसा गोंधळ नाहीसा होतो.

ऐपत म्हणजे केवळ महिन्याच्या एक तारखेला हाती पडणारी रक्कम नव्हे. घरभाडे, बँकेतील ठेवी, वाडी किंवा शेतीचे उत्पन्न, विकलेल्या जमिनीचे पैसे, नोकरी सोडताना मिळालेली ग्रॅच्युइटी व भविष्य निर्वाह निधी हे सारे ऐपतीतच मोडते. आणि यांपैकी काहीही नसेल, तरी धडधाकट शरीर, शिक्षण व अंगातले कौशल्य ही देखील ऐपतच मानली जाते. दिल्ली उच्च न्यायालयाने १९६८ मध्येच चंदर प्रकाश बोधराज प्रकरणात म्हटले होते की, सुदृढ तरुण मनुष्य पत्नी व मुलाच्या निर्वाहापुरते कमावण्यास समर्थ आहे असे गृहीत धरले जाईल. तो तसा समर्थ नसेल, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची आहे.

सर्वोच्च न्यायालयाने हीच दिशा पुढे कायम ठेवली. शमीमा फारुकी प्रकरणात (२०१५) सैन्यातून निवृत्त झालेल्या पतीच्या निवृत्तीचे कारण देऊन पोटगी चार हजारांवरून दोन हजारांवर आणण्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा चार हजार रुपये केली. अंजू गर्ग प्रकरणात (२०२२) पतीने आपला व्यवसाय बंद पडल्याचे व उत्पन्नाचे साधन उरले नसल्याचे सांगितले. न्यायालयाने हे म्हणणे स्वीकारले नाही. शरीर सुदृढ असेल तर अंगमेहनत करूनही पत्नी व अज्ञान मुलांचे पोषण करणे हे पतीचे कर्तव्य आहे, असे बजावून मुलाला मंजूर झालेल्या दरमहा सहा हजार रुपयांव्यतिरिक्त पत्नीला दहा हजार रुपये देण्याचा आदेश झाला.

यातून घ्यायचा बोध असा : बेरोजगारीमुळे पोटगीची रक्कम कमी होऊ शकते, कर्तव्य मात्र त्यामुळे नाहीसे होत नाही. खटल्याची नोटीस येताच नोकरीचा राजीनामा देणारा, मालमत्ता भावाच्या नावावर करणारा किंवा हातात रोख मजुरी घेऊन कागदावर बेकार राहणारा पालक न्यायालयाची सहानुभूती मिळवू शकत नाही.

अपत्ये अनेक असतील तर

आपल्याकडे पोटगी ठरवण्याचे ठरावीक कोष्टक नाही. एका मुलाला इतके टक्के आणि तीन मुलांना इतके, असे गणित कायद्यात लिहिलेले नाही. प्रत्येक कुटुंबाची परिस्थिती पाहून न्यायाधीश रक्कम ठरवतात.

तथापि एक तत्त्व पक्के आहे : प्रत्येक अपत्याचा हक्क स्वतंत्र आहे. जुन्या संहितेत पोटगीवर महिना पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती. आई आणि सर्व मुले मिळून पाचशेच, असा तिचा अर्थ काही जण लावत. १९७८ मध्ये रमेशचंदर कौशल विरुद्ध वीणा कौशल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ही मर्यादा प्रत्येक हक्कदारासाठी वेगळी आहे; साऱ्या कुटुंबाला मिळून नव्हे. पुढे २००१ च्या दुरुस्तीने ही मर्यादाच काढून टाकण्यात आली.

समजा, एका कुटुंबात तीन मुले आहेत. थोरली मुलगी बारावीत, मधला मुलगा आठवीत आणि धाकटी दुसरीत. तिघांच्या गरजा सारख्या नाहीत. थोरलीची महाविद्यालयाची फी आहे, मधल्याला शिकवणी लागते, धाकटीला वारंवार डॉक्टरांकडे न्यावे लागते. म्हणून अर्ज करताना मुलांचा एकत्रित खर्च एका आकड्यात न लिहिता प्रत्येकाचा खर्च वेगळा मांडावा आणि आदेशातही प्रत्येकाची रक्कम स्वतंत्रपणे नमूद व्हावी, असा आग्रह धरावा. थोरल्या अपत्याचा हक्क वयोमानानुसार संपला, तरी धाकट्यांच्या रकमेला मग धक्का लागत नाही. त्यांच्या वाढत्या गरजांनुसार वाढही मागता येते.

पालकाने दुसरा संसार मांडला असेल तर काय? नव्या घरात जन्मलेल्या मुलांचाही त्याच्यावर हक्क आहे, यात शंका नाही. ज्यांना पोसणे कायद्याने बंधनकारक आहे अशा इतर अवलंबितांचा विचार न्यायालय रक्कम ठरवताना करते. परंतु नव्या मुलांच्या आगमनाने आधीच्या मुलांचा हक्क पुसला जात नाही. भाकरी एकच असेल तर ती सर्वांत वाटावी लागेल. कोणा एकाला ताटावरून उठवता येणार नाही.

घर सांभाळणारी आई

'काम न करणारा पालक' असे म्हणताना आपण अनेकदा आईला त्यात नकळत बसवतो. तीन मुलांचे डबे, अभ्यास, आजारपण आणि शाळेची ने-आण सांभाळणारी स्त्री काम करत नाही असे म्हणणे सत्याला धरून नाही. मुलांचा ताबा असलेली आई पैशांच्या रूपाने नसले, तरी श्रम व वेळेच्या रूपाने आपला वाटा दररोज देतच असते.

रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील न्यायालयांसाठी पोटगीविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. मुलांचे अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार व शिक्षण हे सारे निर्वाहात धरावे, शिकवणीचाही विचार व्हावा, असे त्यात म्हटले आहे. शिक्षणाचा खर्च सामान्यतः वडिलांनी करावा. आईची कमाई पुरेशी असेल, तर तो दोघांत मिळकतीच्या प्रमाणात वाटता येईल. त्याआधी पद्मजा शर्मा प्रकरणातही (२०००) दोन्ही पालक कमावते असतील, तर मुलांचा खर्च दोघांनी उत्पन्नाच्या प्रमाणात उचलावा, असे ठरले होते.

याचा व्यत्यासही खरा आहे. मुले वडिलांकडे असतील आणि आई चांगली कमावत असेल, तर केवळ ती स्त्री आहे म्हणून तिला मुलांच्या खर्चातून अंग काढून घेता येणार नाही. मुलाच्या पोटाला आईचा रुपया आणि बापाचा रुपया यांतला फरक कळत नाही.

खरोखरच अडचण असेल तर

आता प्रामाणिक परंतु अडचणीत सापडलेल्या पालकाविषयी. अपघाताने अंथरुणाला खिळलेला, दीर्घ आजाराने ग्रासलेला किंवा कारखाना बंद पडून महिनोन्‌महिने काम शोधणारा पालक गुन्हेगार नव्हे. कायद्याने त्याच्यासाठी वाट ठेवली आहे. पण ती वाट गप्प बसण्याची नाही.

पहिली गोष्ट : खरी माहिती द्यावी. रजनेश प्रकरणातील सूचनांनुसार दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र न्यायालयात सादर करायचे असते. त्यात नोकरी सुटल्याचे पत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र, बँकेचे उतारे, कर्जाचे हप्ते हे सारे जोडावे. माहिती लपवली तर न्यायालय प्रतिकूल निष्कर्ष काढू शकते. खोटे प्रतिज्ञापत्र दिल्यास कारवाईही होऊ शकते.

दुसरी गोष्ट : आदेश आधीच झालेला असेल आणि त्यानंतर परिस्थिती बदलली असेल, तर आदेश बदलून घेण्यासाठी अर्ज करावा. नव्या संहितेच्या कलम १४६ मध्ये (जुने कलम १२७) ही सोय आहे. परिस्थितीतील बदल सिद्ध झाल्यास न्यायालय रक्कम कमी करू शकते. त्याचप्रमाणे पालकाची मिळकत वाढल्यास किंवा मुलांच्या गरजा वाढल्यास ती वाढवूही शकते. अर्ज न करता स्वतःहून पैसे देणे बंद केले, तर जुनी रक्कम महिन्यामागून महिना थकत जाते.

तिसरी गोष्ट : पूर्ण रक्कम देणे शक्य नसेल, तर जमेल तेवढी तरी नियमितपणे आणि पावती राहील अशा रीतीने, म्हणजे बँकेमार्फत, देत राहावे. हजार रुपये नियमित देणारा बेकार बाप आणि वर्षभर फोन न उचलणारा बाप यांच्यात न्यायालय फरक करते. मुले तर तो फरक जन्मभर लक्षात ठेवतात.

चौथी गोष्ट : मुलांची भेट आणि मुलांचा खर्च यांची सांगड घालू नये. "ती मला मुलांना भेटू देत नाही, म्हणून मी पैसे देत नाही" किंवा "तो पैसे देत नाही, म्हणून मी भेटू देत नाही" या दोन्ही भूमिकांत शिक्षा मुलांना होते. भेटीसाठी स्वतंत्र अर्ज करता येतो. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी लेकरांची गत करणे कोणत्याही पालकाला शोभत नाही.

रक्कम थकली तर

आदेश होऊनही पैसे मिळत नसतील, तर न्यायालयाकडे वसुलीसाठी अर्ज करावा. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत तो करणे आवश्यक आहे. म्हणून थकबाकीकडे डोळेझाक करू नये. न्यायालय जप्तीचे वॉरंट काढू शकते आणि तरीही रक्कम न भरल्यास एक महिन्यापर्यंत, किंवा तत्पूर्वी रक्कम भरेपर्यंत, कारावासाची शिक्षा देऊ शकते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. "तुरुंगात जाऊन येईन, म्हणजे हिशेब मिटला," असे काही जण म्हणतात. हिशेब मिटत नाही. कुलदीप कौर प्रकरणात (१९८९) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कारावास हे वसुलीसाठी दबाव आणण्याचे साधन आहे. त्याने देणे फिटत नाही. ते प्रत्यक्ष रक्कम भरूनच फिटते.

अर्ज करणाऱ्या आईनेही काही गोष्टी जाणून घ्याव्यात. ती सध्या जेथे राहते, त्या ठिकाणच्या न्यायालयातही अर्ज करता येतो. त्यासाठी सासरच्या गावी खेटे घालण्याची गरज नाही. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत कौटुंबिक न्यायालये आहेत. जेथे ती नाहीत तेथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. अंतिम निकालाला वेळ लागत असेल, तर अंतरिम पोटगी मागावी. असा अर्ज समोरच्या पक्षास नोटीस मिळाल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो. रजनेश प्रकरणानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू होते. त्यामुळे अर्ज करण्यात दिरंगाई करू नये. वकिलाची फी परवडत नसेल, तरी निराश होण्याचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया व बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे त्याची चौकशी करावी.

ख्रिस्तसभेची शिकवण

काही भाविकांची अशी समजूत असते की, धर्मप्रांतीय न्यायासनाने विवाह मुळातच अवैध होता असा निर्णय दिला, म्हणजे सर्व बंधने सुटली. ही समजूत दोन्ही अंगांनी चुकीची आहे.

ख्रिस्तसभेच्या धर्मसंहितेतील कलम ११३६ नुसार मुलांच्या सर्वांगीण संगोपनाची काळजी घेणे हे आईवडिलांचे अत्यंत गंभीर कर्तव्य आणि प्रथम हक्क आहे. पतिपत्नी विभक्त झाल्यावरही मुलांच्या निर्वाहाची व शिक्षणाची योग्य तरतूद नेहमी झाली पाहिजे, असे कलम ११५४ सांगते. विवाह अवैध ठरवणाऱ्या निर्णयातच दोन्ही पक्षांना परस्परांविषयीच्या व अपत्यांविषयीच्या नैतिक आणि नागरी कर्तव्यांची आठवण करून द्यावी, अशी तरतूद २०१५ च्या सुधारणेनंतर कलम १६९१ मध्ये आहे. कलम १०७१ नुसार, आधीच्या संबंधातून जन्मलेल्या मुलांची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याचा विवाह धर्मप्रांताधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय लावता येत नाही. नवा संसार थाटण्यापूर्वी जुन्या संसारातील मुलांची विचारपूस व्हावी, हाच त्यामागील हेतू आहे.

विवाह सद्‌भावनेने, वैध समजून झाला असेल, तर तो पुढे अवैध ठरला तरी त्यातून जन्मलेली अपत्ये औरसच राहतात. 'अनलमेंटमुळे मुले अनौरस ठरतात' ही भीती निराधार आहे. शिवाय ख्रिस्तसभेच्या न्यायासनाच्या निर्णयाने नागरी कायद्याच्या दृष्टीने विवाह संपुष्टात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यासाठी दिवाणी न्यायालयाचाच निकाल लागतो.

संत पौलाने तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही त्याने विश्वासच नाकारल्यासारखे आहे, या आशयाची कठोर समज दिली आहे. पोप फ्रान्सिस यांनी 'आमोरिस लेतित्सिया' या २०१६ च्या प्रेषितीय पत्रात विभक्त आईवडिलांना कळकळीने विनवले आहे की, मुलांना आपल्या भांडणातील ओलीस करू नका.

आपली सामुदायिक जबाबदारी

अशा कुटुंबाबद्दल कुजबुज करणे सोपे असते. परंतु धर्मग्राम याहून अधिक काही करू शकतो. नोकरी गमावलेल्या पित्याला 'निकामी' म्हणून हिणवण्याऐवजी आपल्यातील एखादा व्यावसायिक त्याला काम मिळवून देऊ शकतो. व्यसनाने कमाई गिळली असेल, तर त्याला व्यसनमुक्तीच्या उपचारांकडे नेता येते. एकट्या आईबरोबर न्यायालयात जाण्यासाठी एखादी अनुभवी भगिनी सोबत देऊ शकते. मुलांच्या फीची तात्पुरती सोय विन्सेंट डी पॉल सोसायटीसारख्या संघटना करू शकतात. मात्र ही मदत पालकाच्या कर्तव्याला पर्याय नव्हे. तो पुन्हा उभा राहीपर्यंतचा तो आधार आहे.

पतिपत्नींचे नाते तुटू शकते. आईवडील आणि मुले यांचे नाते तुटत नाही. रिकाम्या खिशाची लाज वाटून मुलांपासून तोंड लपवणाऱ्या पालकाने एवढे ध्यानात ठेवावे की, न्यायालय त्याच्या ऐपतीचा विचार करते आणि जमेल तेवढे देण्याची वाट त्याच्यासाठी खुली ठेवते. त्याने आजच विधी सेवा समितीची पायरी चढावी, आपली खरी परिस्थिती सांगावी आणि हाती असेल त्यातला मुलांचा वाटा आधी बाजूला काढावा.